सेलोटेप लावलेली कॅसेट

खोकं उघडलं तेव्हा आधी वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या प्लास्टिकचा, विरत चाललेल्या डांबरगोळीचा. पोलादपुरात पावसाचे चार महिने भिंतीसुद्धा घामेजतात. भाद्रपद सरला तरी चपलांवर, पिशव्यांच्या पट्ट्यांवर, पुस्तकांच्या पाठींवर पांढरी लव उरतेच. तशीच लव या व्हिडिओ कॅसेटींच्या रिळांवर धरली होती, आणि खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हात ती चक्क सुंदर दिसत होती. मला असं काही सुंदर म्हणायची सवय नाही. मी पत्रकं लिहिते. पत्रकाला विशेषणं दोनच तऱ्हेची लागतात, एक समोरच्यासाठी आणि एक आपल्यासाठी. बुरशीसाठी ठेवणीतलं विशेषण माझ्याकडे नाही. तरी बघत बसले. हायवेवरचे ट्रक घाटाकडे वळताना गिअर बदलत होते, खाली टायरवाल्याचा हातोडा चालू होता, आणि या वरच्या खोलीत मी आणि एका माणसानं मागे ठेवलेली बावीस लग्नं.

खोकं काढायला कारण झालं ते एका फोनचं. महाडच्या एका कॉलेजातले सर. आमच्याकडे उद्या मार्गदर्शन ठेवलंय म्हणाले, विषय पत्रकारिता आणि माहितीपट निर्मिती, करिअरच्या वाटा. तुम्ही इथल्याच, मुंबईत शिकून आलेल्या, तुम्हीच बोला. काय बोलू, विचारलं, तर म्हणाले, तेच हो, पात्रता, संधी, पुढचे कोर्स, मुलांना जरा उमेद येईल असं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. वाटा म्हणे. जशा काही त्या कुणी आखून, दगड लावून ठेवल्यात, आणि मी नाक्यावर उभी राहून कोणती कुठे जाते ते हात करून दाखवायचं.

वाटा मला ठाऊक आहेत, तसं नाही. आमच्या वर्गातले सगळे कुठे ना कुठे पोचले. एक जण चॅनेलवर आहे, कोसळलेल्या घरासमोर उभा राहून कसं वाटतंय विचारतो. एक मालिका लिहिते, आणि चांगली लिहिते. एक सरकारी माहिती खात्यात स्थिरावला. वर्गात सगळ्यात तिखट बोलायचा तो आता एका रसायन कारखान्याचा जनसंपर्क बघतो. कंपाउंडातल्या वृक्षारोपणावर त्यानं केलेली फिल्म मी पाहिलीये, कॅमेरा इतका हळुवार फिरतो की झाडांना झोप यावी. मी काही काळ एका चॅनेलला बातम्या पुरवल्या. टेप एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, पनवेलला माणूस उतरवून घ्यायचा. तिकडून फोन यायचा तो एकच प्रश्न घेऊन, रडणारं कुणी आहे का. दुसऱ्या पावसाळ्यात सोडलं. मग ही खोली, पत्रकं, आणि महिन्यातून एकदा निघेल तेव्हा निघणारं एक चार पानी वृत्तपत्र. हीसुद्धा वाटच, पण सर ती फळ्यावर लिहितील असं वाटत नाही. या वाटेवर बरोबर कुणी नसतं हे मुलांना सांगावं का, याचा विचार करत होते, आणि करता करता फळीवरचं खोकं खाली काढलं.

ज्याचं हे खोकं, त्याला मी चाचा म्हणत असे. महाडच्या बाजारपेठेत, एका किराणा दुकानाच्या माडीवर, त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लाकडी जिना इतका अरुंद की कॅमेऱ्याची पेटी आडवी धरून चढावं लागे. तो शिकलेला नव्हता असं आमचे मुंबईचे सर म्हणाले असते. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळेची गॅदरिंगं, असं सगळं करायचा. पण त्याचं खरं कसब होतं ते व्हिडिओ चिठ्ठ्यांचं. महाड तालुक्यातली अर्धी मुसलमान घरं तेव्हा आखातावर उभी होती. मुलगा कुवेतला, नवरा मस्कतला, आणि इथे आई, बायको, नवी विहीर, मोहरलेलं कलम. तिकडच्या माणसाला हे सगळं बघायचं असे. मग चाचाला बोलावणं जायचं, तो दिवसभर घरात वावरायचा, आणि तासाभराची कॅसेट कुणा जाणाऱ्याच्या बॅगेतून समुद्रापार जायची. आमच्या बौद्ध वस्तीतूनही बोलावणं येई. तिथला एक जण दुबईत क्रेन चालवत होता, आणि त्याची आई चाचाला भाऊ मानून राखी बांधायची.

त्याची रीत न्यारी होती. कॅमेरा खांद्यावर असेतो माणसं फोटोत बसल्यासारखी बसतात हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं चित्रण करायचा, मग कॅमेरा ओट्यावर, कोनाड्यात, धान्याच्या पिंपावर, कुठे तरी ठेवून द्यायचा, आणि घरच्या बाईला म्हणायचा, पाणी मिळंल काय. कॅमेरा चालूच असायचा. बाई सुटल्यासारखी उठायची. पाणी आणता आणता बोलायची, तांब्या पुढे करता करता मुलाची आठवण काढायची, आणि तो घोट घोट पीत ऐकत राहायचा. पिऊन झालं की मात्र सांगून टाकायचा, बंद नव्हता केलेला गो, ठेवू काय पुसू? नको म्हटलं तर तिथल्या तिथे पुसायचा. ठेव म्हटलं तर घरी येऊन कॅसेटच्या पाठीवरचा तो छोटा प्लास्टिकचा दात स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाकायचा. दात मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. कट्‌ असा आवाज व्हायचा, आणि तो मान हलवायचा, दस्तावर सही झाल्यासारखी.

मी बावीस वर्षांची होते, मुंबईत पत्रकारितेचा डिप्लोमा करत होते, आणि शेवटच्या परीक्षेसाठी माहितीपट करायचा होता. विषय माझ्या डोक्यात शाळेपासून होता. सावित्री नदी. वरच्या अंगाला कारखाने, खालच्या अंगाला तुडीलसारखी गावं, मध्ये कधी तांबूस, कधी फेसाळ होऊन वाहणारं पाणी आणि उलटे तरंगणारे मासे. कॉलेजचा कॅमेरा मुंबईच्या वेशीबाहेर जाणार नाही असं सांगण्यात आलं. चाचाकडे गेले, तर त्यानं विचारलं एवढंच की लग्नसराई संपल्यावर चालंल काय.

मला फिल्म नव्हती करायची, हे आता कळतं. मला पत्रकच काढायचं होतं, हलणारं, बोलणारं. सोळाव्या वर्षापासून मी सभांच्या मागे पोस्टरं चिकटवायच्या खळीचा डबा घेऊन हिंडलेली. वाक्य कसं असावं, तर भिंतीवर लांबून वाचता यावं असं. माणूस कसा असावा, तर मूठ वळलेला. तुडीलला आम्ही ज्या मावशींच्या घरी गेलो त्यांच्यासाठी मी वाक्य घरूनच लिहून नेलं होतं. मावशी पन्नाशीच्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नदीत जाळं टाकत आलेले. आता दीर मुंबईला वॉचमन, मुलगा कारखान्यातच कंत्राटावर, आणि जाळं पडवीत खुंटीला, त्यात चिमण्यांनी काड्या आणून ठेवलेल्या. मी वहीतून प्रश्न विचारत गेले आणि त्या हो, नाय, काय म्हाइत, असं बोलत गेल्या. चाचा कंटाळल्यासारखा उठला, कॅमेरा ओट्यावर जाळ्याखाली ठेवला आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हणाला.

मावशी उठल्या. दोन पावलं आत गेल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. पाठ आमच्याकडे. तशाच उभ्या राहून म्हणाल्या, “पानी नको मागू रे भाई. बाकी काय पन माग.”

 मग त्या वळल्या आणि एकदम खूप बोलल्या. दारी आलेल्याला पाणी द्यायचं नाही असं या घरात कधी झालं नव्हतं, आता विहिरीलाही तोच वास मारतो, आम्ही पितो, आमचं काय, पण पाव्हण्याला कसं द्यायचं. लेकीला बघायला आलेले तेव्हा दुकानातून रंगीत बाटल्या आणल्या, तर मुलाच्या आईनं विचारलं, साधं पाणी नाय काय घरात. तोंड वर करून बघवलं नाही तिच्याकडे. बोलता बोलता त्या पदरानं तांब्या पुसत होत्या, रिकामा तांब्या, पुन्हा पुन्हा. चाचा म्हणाला, मला तुमच्या घरातलाच द्या, वहिनी. नको नको करत अखेर त्यांनी दिलं, आणि तो प्यायला. पिऊन झाल्यावर रीतीप्रमाणे कॅमेऱ्याचं सांगितलं आणि विचारलं, ठेवू काय पुसू. मावशींनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, “र्‍हाऊ दे. कोनी तरी ऐकंल.”

आणि मी? माझ्या पिशवीत महाडहून भरून आणलेली बाटली होती. आमच्या वस्तीतल्या मुलाला बोलता यायच्या आधी पाण्याची गोष्ट कानावर पडते; कोण कुठल्या पाण्यापाशी गेलं, कुणाला कुठून हाकललं आणि मग सगळे मिळून कसे तळ्यात उतरले, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. त्या वस्तीतली मी, त्या उंबऱ्याशी बसून एका बाईच्या हातच्या पाण्याला भ्याले. माझ्यापुढे तांब्या आला तेव्हा म्हटलं, आत्ताच प्यायले. शिवाय घाई होती. ऊन उतरत होतं आणि माझं वाक्य अजून राहिलं होतं. मावशींना नदीकाठी नेलं, चाचाला नवी कॅसेट घालायला लावली, मूठ कशी वळायची ते दाखवलं, आणि म्हणायला लावलं की कारखानदारांच्या नफेखोरीविरुद्ध आम्ही सावित्रीची लेकरं अखेरच्या श्वासापर्यंत लढू. त्या दर वेळी मध्येच अडकायच्या आणि हसू लागायच्या. नऊ वेळा घेतलं. नवव्यांदा बिनचूक आलं, तेव्हा त्यांचा चेहरा भिंतीसारखा कोरा झाला होता. मला वाटलं, हाच तो निर्धार.

दुसऱ्या दिवशी महाडला नदीच्या प्रश्नावर मोर्चा होता. चाचा कापडे गावी एका बारशावर गेलेला. त्याचा जुना कॅमेरा दुकानात होता, पण कोरी कॅसेट एकही नाही. टेबलावर तुडीलच्या दोन पडल्या होत्या. एकीवर मावशींची मूठ. दुसरीवर चाचाचं बारीक अक्षर, तुडील, पाणी. तिचा दात मोडलेला होता. मोडलेल्या दाताच्या खड्ड्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की यंत्र फसतं आणि कॅसेट पुन्हा भरते, ही युक्ती तेव्हा व्हिडिओ लायब्ररीतल्या कुणालाही ठाऊक होती. मलाही होती. कॅसेट उलटी फिरवून सुरुवातीला आणली. पाणी ही अक्षरं खोडून वर मोर्चा लिहिलं. अंगात कुठे हललंसुद्धा नाही. एक बाई पाणी द्यायला लाजते, यात लढा कुठे आहे, असं वाटलं. हे वाटणं इतकं स्वच्छ आठवतं की नंतरच्या कुठल्याही सबबीला त्यात शिरायला फट राहिली नाही.

चाचा परत आला, कॅसेटवरचं लेबल बघितलं, सेलोटेपवरून अंगठा फिरवला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं, उत्तरं माझ्याकडे ढीगभर असतात. तो एवढंच म्हणाला, “मोर्चा काय गो, उद्या पन निघंल. ती बाय परत तशी बोलंल काय?”

बोलेल, म्हणून मी हट्टानं पुन्हा गेले. एकटीच, कॅमेरा घेऊन. मावशींनी लांबून पाहिलं, आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आल्या. मी कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, मावशी, पाणी मिळेल का. त्यांनी हसत दुकानातली रंगीत बाटली पुढे केली, थंडगार, माझ्यासाठी मुद्दाम मागवलेली. मग काही न सांगता नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मूठ वळली, आणि माझं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. एकही चूक नाही. बरोबर आला ना गो, असं विचारलंसुद्धा. एखाद्याच्या तोंडात आपण काय घालून आलोय ते असं परत ऐकायला मिळणं, याहून एकटं करणारं मी पुढे फारसं काही अनुभवलं नाही. परतीची एसटी यायला अवकाश होता. फाट्यावर बसून राहिले. बाटली तशीच हातात, गरम होत चाललेली.

फिल्म झाली. चाचाच्या दुकानात दोन व्हीसीआर जोडून तीन आठवड्यांत. मुंबईत सरांनी कौतुक केलं, आवेश आहे म्हणाले. मग एका संध्याकाळी तुडीलच्या शाळेत टीव्ही नेऊन गावाला दाखवली. पडद्यावर मूठ वळलेल्या मावशी आल्या तेव्हा बायकांत हशा पिकला. मावशीही हसल्या, म्हणाल्या, “ही बाय कोन गो? दिसते माझेवानी.” संपल्यावर माणसं उठू लागली. मावशी मात्र टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. अजून काही तरी बाकी आहे अशा बसून होत्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, “भाईला बोलले होते ते कुठं हाय?”

मी म्हटलं, मशीन बिघडलं होतं, मावशी. ते आलंच नाही.

सरळ, सफाईनं म्हटलं. सत्तेचा खोटेपणा उघडा पाडण्यासाठी मी या धंद्यात आले होते, असं मी तेव्हा प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितलेलं. मागे चाचा वायर गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं. एका शब्दात मला उघडं पाडू शकला असता. त्यानं वायरची गुंडाळी पुरी केली आणि म्हणाला, “व्हय वहिनी. माझी मशीन जुनी झाली. माफी करा.” मावशींनी च्‌ केलं आणि उठल्या. पुढच्या उन्हाळ्यात तुडीलच्या एका लग्नाला आमच्याकडच्या गोरेगावहून शूटिंगवाला मागवला, महाडच्या भाईच्या मशीनचा भरवसा नाही म्हणून, असं कानावर आलं. चाचानं ते मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दुकानात जाणं कमी झालं, मग राहिलंच. रस्त्यात दिसला की हात करायचा, काय गो बाय, हाय काय बरी, आणि मी घाईत असायचे.

मग छोटे कॅमेरे आले, सीडी आली, घरोघर मोबाइल आले. कुवेतच्या मुलाला आईचा आवाज रोज ऐकू येऊ लागला, चिठ्ठीची गरज सरली. चाची वारल्या आणि आखातातल्या त्यांच्या मुलानं चाचाला तिकडे नेलं. ज्यानं उभ्या आयुष्यात इथलं सगळं तिकडे पाठवलं, तो शेवटी स्वतःच पाठवला गेला. जाण्यापूर्वी लोकांच्या कॅसेटी ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या केल्या. जी घरं उठून गेली होती त्यांच्या उरल्या, त्या या खोक्यात घालून आमच्या वडिलांकडे माझ्यासाठी ठेवून गेला. तिला म्हणावं, ऊन दाखव अधूनमधून. दोन पावसाळे झाले. मी ऊन दाखवलं नाही.

आज दाखवलं. खिडकीत एक एक मांडत गेले आणि तळाशी ती हाताला लागली. माझंच अक्षर, मोर्चा. खाली खोडलेलं पाणी. पिवळा पडून कडक झालेला सेलोटेप. खालच्या घरमालकीणबाईंकडे आखातातून आलेला व्हीसीआर अजून आहे, वर क्रोशाचा रुमाल टाकून. त्या म्हणाल्या, चालंल का नाय देव जाणे. चाचा करायचा तशी कॅसेट दोनदा पुढे-मागे फिरवून घेतली आणि लावली.

मोर्चा दिसला. दिसला म्हणजे, पाऊस पडल्यासारख्या रेघांतून झेंडे, चपला, पाठी. आणि सगळ्यांच्या वर माझा आवाज, चिरका, न थकणारा, दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येऊ नये इतका जवळचा. चाळीस मिनिटं. घरमालकीणबाई मध्येच भात बघायला उठून गेल्या. मग मोर्चा तुटला, पडदा मुंग्यांनी भरला, मी बटणाकडे हात नेला, आणि मुंग्यांतून एक ओटा वर आला.

मोर्चा लहान पडला होता. खालचं तुडील त्याहून थोडं लांब होतं. तेवढं शेपूट उरलं होतं, मला आठ-नऊ वर्षं ठाऊक नसलेलं. कॅमेरा जाळ्याखाली ठेवलेला, त्यामुळे अर्ध्या चित्रात जाळ्याची वीण. पलीकडे चाचाची हनुवटी, वर झालेला तांब्या, हलणारा गळा. मावशींचा हात, पदराचं टोक धरलेला. बाहेरून माझा आवाज येतो, बास झालं चाचा, चला, उजेड जाईल. आणि मावशी, माझ्याकडे न बघता, हळू:

“थांब गो बाय. त्याला पिऊ दे.”

मग मुंग्या. मी मागे घेऊन पुन्हा लावायला गेले नाही. जुन्या फितीला तेवढं सोसेल की नाही ठाऊक नाही, आणि ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. घरमालकीणबाईंनी विचारलं, कोन होते ते पाणी पिणारे. माझे गुरुजी, म्हटलं, आणि म्हटल्यावर लक्षात आलं की हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही.

काळ सगळं पुसतो असं म्हणायची पद्धत आहे. माझा अनुभव निराळा. पुसणारे हात नेहमी कुणाचे तरी असतात, या खेपेला माझे होते, आणि काळानं उलट, मी पुसायला विसरले तेवढं ओलीत, बुरशीत, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात राखून ठेवलं. मुलांना पात्रता सांगेन, कोर्सची नावं सांगेन, सरांनी सांगितलंय ते सगळं सांगेन. ते अकरापर्यंत आटपेल. तुडीलची गाडी त्यानंतर आहे. मावशी आहेत असं कळतं, जरा कमी ऐकू येतं म्हणतात. म्हणजे मोठ्यानं, ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं लागेल, की भाईचं मशीन चांगलं होतं. कॅसेट पिशवीत घातली आहे. पाण्याची बाटली बाहेर काढून ठेवली.